कॅसेट कानाने तपासणारा महबूब

महबूब परकारला कॉम्प्युटर चालवता येत नव्हता, हे आधीच सांगते. तरी कुवेतमध्ये हवल्लीतल्या आमच्या गेमच्या कंपनीतून त्याने ऐकल्याशिवाय एकही कॅसेट बाहेर पडत नसे. तेव्हा घरगुती कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचे आणि गेम साध्या कॅसेटवर यायचा. टेपवर लावला तर नुसती किरकिर. आम्हाला सगळी सारखीच. महबूब मात्र अर्धं मिनिट ऐकून सांगायचा, "चारुताई, ही गाड्यांच्या शर्यतीची. मध्ये बिघडलीय, टाका." मी तिथे इंग्रजी पत्रं आणि माहितीपुस्तिका टाइप करायचे. बी.ए.चा तेवढाच उपयोग झाला.

इराकच्या हल्ल्यात गावी पळालेले आम्ही युद्धानंतर, ब्याण्णव साली, परत कामावर आलो तेव्हा ऑफिसात टेबलंसुद्धा उरली नव्हती. मालक अबू फैसल रिकाम्या खोक्यावर बसले होते. कंपनी वाचवेल असा एकच गेम होता, मोती काढणाऱ्या पाणबुड्याचा. नव्वदच्या उन्हाळ्यात तो बाजारात यायचा होता. मूळ प्रत लुटीत गेली, आणि तो लिहिणारा इजिप्शियन कुठे गेला ते देवाला ठाऊक. गेम मिळाला नाही तर कंपनी बंद आणि आमचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, रद्द. माझं ठीक होतं, नवरा मीना अल-अहमदीला रिफायनरीत होता. महबूबला मात्र सरळ रत्नागिरी.

महबूब पुटपुटला, "साहेब, एक कॅसेट असेल. घरी."

"किस का घर?"

"मेरा."

मग सगळं बाहेर आलं. चाचणीच्या कॅसेटी टाकून द्यायच्या असत. हा त्या उचलायचा, त्यावर बायकोला बोलून पत्र भरायचा आणि गावी जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवायचा. बायको, रबिया, दुसऱ्या बाजूला उत्तर भरून परत पाठवायची. कोकणातली निम्मी माणसं तेव्हा असाच संसार करत होती. गेम दोन्ही बाजूंना भरलेला असायचा, तो दोघांच्या बोलण्यात पुसला जाई. पण नव्वदच्या जूनमधल्या कॅसेटचं उत्तर आलंच नव्हतं.

"चोरी!" अबू फैसल ओरडले.

"चोरीचं नंतर बघा," मी म्हटलं, "आधी फोन लावा."

रबियाच्या शेजाऱ्यांकडे फोन होता. आम्ही स्पीकर लावला. तिची बोली मी लिहायला गेले तर वाट लावीन, म्हणून माझ्या मराठीत सांगते.

"रबिया, ती जूनची कॅसेट आहे का गं?" महबूबने विचारलं.

"माझ्या भावाच्या लग्नाला येत नाही म्हणून सांगितलंत ती? चार मिनिटांत उरकलंत, त्यातली दोन कुवेतच्या हवेवर!"

"मागच्या बाजूला तू काही बोललीस का?"

"नाही बोलले. बोलले असते तर तिथे तुमचा टेप फुटला असता."

महबूब एकदम ताठ झाला. "टेप आण. मागची बाजू लाव."

ती टेप आणेपर्यंत अबू फैसल तीन सिगारेटी प्यायले. मग फोनमधून किरकिर आली. महबूबने डोळे मिटले.

"मोतीवाली," तो म्हणाला. "लावून ठेव, बंद करू नकोस." शेवटपर्यंत ऐकलं आणि मगच हसला. "पूरी है, साहेब."

"पोस्ट से भेजो!" अबू फैसल फोनवर ओरडले.

"पोस्ट-बिस्ट कुछ नहीं," रबियाचं खणखणीत हिंदी आलं. "मैं लेके आएगी. व्हिसा भेजो."

महबूब खाली बघू लागला. अबू फैसलनी माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर बोलतेय," मी म्हटलं.

सात आठवड्यांनी रबिया आली, कॅसेट पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली. ती लगेच देईल तर शपथ! आधी पुढची बाजू लावायला लावली. सगळ्या ऑफिससमोर महबूबचा आवाज, चार मिनिटं, हवा वगैरे. कॅसेट थांबवून ती म्हणाली, "युद्धात घरी होतात तेव्हा विषय टाळलात. आता सांगा, का नाही आलात?"

"रजा मागितलीच नव्हती," महबूब म्हणाला. "मोतीवाली निघणार होती. मी नसतो तर ऐकलं कोणी असतं?"

"एवढं तरी सांगायचंत त्यात," म्हणत तिने कॅसेट स्वतःच उलटी केली. थोड्या वेळाने पडद्यावर निळं पाणी आणि वाकडी होडी दिसली. अबू फैसलनी टाळ्या वाजवल्या.

गेम त्र्याण्णवला निघाला आणि फारसा खपला नाही, पोरं तोवर कन्सोलकडे वळली होती. दुसऱ्यांचे गेम विकत अबू फैसलनी कंपनी शहाण्णवपर्यंत रेटली. तोवर महबूबचा इकामा टिकला आणि रबियाचाही झाला, कारण अबू फैसलनी तिला पॅकिंगला घेतलं होतं. लेबल तिरकं लागलं की ती मालकालाही सोडत नसे.