तांदळाच्या डब्यातला पेजर

आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तिच्या परीक्षेच्या दिवशी मी कंपनीचा पेजर तांदळात पुरला होता.

काल तांदळाचा डबा उघडला, सुकलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला आणि तारनाक्याचं आमचं जुनं स्वयंपाकघर समोर उभं राहिलं. पेजर तेव्हा नवे होते. मला मिळाला तेव्हा मी कॉलर ताठ करून फिरलो. मग तो रजेच्या दिवशीही वाजू लागला. आदल्या वर्षी असाच वाजला, मी कुकटपल्लीच्या कारखान्यात पळालो आणि लहानग्या लेकीला सांभाळायला कुणी नाही म्हणून सुनंदाचा बी.एड.चा पेपर बुडाला. या खेपेला चपला घालताना ती म्हणाली, "जाणार असाल तर आत्ताच सांगा."

"जा गं तू. मी आहे."

अकराला तो वाजला. मी तो तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून खुपसला. तांदळातूनही तो आणखी दोनदा गुरगुरला, तशी लेक डबा बडवत खिदळली. सुनंदा पास झाली. पेजर पुरल्याची मला काडीची लाज नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा पुरीन.

पण दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे मी म्हणालो, "पेजर वाजलाच नाही." निरोप पाठवणाऱ्या टेलिफोन ऑपरेटर रझियाआपा माझ्याकडे वळल्या. "मैं तीन बार भेजी, साब. झूट नक्को बोलो." साहेबांनी माझंच खरं धरलं. महिन्याभरात त्यांना कामावरून काढलं.

तो तीनदा वाजला होता, हे रझियाआपांना सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.