किल्ल्याच्या दारात थांबलेली बाई

माझे बाबा गडचिरोली जिल्ह्यातल्या एका जुन्या गोंड राजांच्या किल्ल्याचे सरकारी चौकीदार होते. तट अर्धा ढासळलेला, खंदकात कमळं आणि शेवाळ, आत सागाचं नि बांबूचं रान. बुरुजांवर उगवलेली पिंपळाची रोपं उपटणं आणि विहिरीच्या पायऱ्या झाडणं, हे त्यांचं रोजचं काम.

आतल्या बुरुजाखाली एक उभा दगड होता. दर उन्हाळ्यात मोहफुलं वेचून झाली की एक म्हातारी गोंड बाई लांबच्या गावाहून पायी येऊन त्याची पूजा करायची. एकदा नव्या साहेबांनी दगडावर शेंदूर पाहिला. वास्तू खराब होते म्हणून त्यांनी दाराला कुलूप लावायला सांगितलं.

त्या वर्षी बाई आली तेव्हा मी बाबांचा डबा घेऊन गेले होते. डी.एड. करून मी घरीच होते.

"बाई, आत सोडता येत नाई. वरून हुकूम आहे," बाबा म्हणाले.

"तुह्या सायबाच्या आधीपासून येऊन राह्यलो आमी, भाऊ."

बाई दुपारपर्यंत उन्हात बसली. मग उंबऱ्यावरच फुलं ठेवून निघून गेली.

बाबांनी डबा उघडला नाही. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती. शेंदूर, नवस बाबांनी कधी मानले नाहीत. म्हणून मी म्हटलं, "बाबा, तुम्ही काऊन एवढं मनाला लावून घेता?"

"माह्या मायले विहिरीवर असंच उभं ठेवत होते," ते म्हणाले. "अन् आज मी तेच केलं."

पुढच्या उन्हाळ्यात ते रोज किल्ली खिशात घेऊन दारात बसले. मोहाचा हंगाम सरला तरी बाई आली नाही. शेवटी मला स्कूटीवर मागे बसवून ते तिच्या गावाला गेले. ती पावसाळ्यातच वारली होती. बाबा तिच्या सुनेला म्हणाले, "तुमी या. मी दार उघडतो."

चार दिवसांनी ते सगळं कुटुंब आलं. पूजा झाल्यावर बाबांनी नोंदवहीत आपल्या हाताने लिहिलं की कुलूप मी उघडलं.

साहेबांनी ते वाचलं. "कोणाच्या परवानगीनं?"

"कोनाच्याच नाई, साहेब."

महिनाभरात बाबांची बदली चंद्रपूरला झाली. तिथल्या शहराभोवतीच्या जुन्या परकोटाच्या एका दरवाजावर, ऑटोंच्या धुरात त्यांनी उरलेली नोकरी काढली. इकडे त्या बाईच्या गावच्या ग्रामसभेनं पाठपुरावा केला आणि वर्षातून एक दिवस किल्ल्याचं दार उघडं ठेवायचं, असं साहेबांकडून लिहून घेतलं.

ही बातमी मी बाबांना फोनवर सांगितली.

"बरं झालं," ते म्हणाले. "पन तिले मी परत पाठवलं ना."