बोट दे

आमच्या भावकीत कुणाकडे कार्य असलं की आण्णा दारातून आत यायच्या आधीच पोरं पांगायची. कुणी बाथरूममध्ये जाऊन कडी लावायचं, कुणाला अचानक खालून दही आणायचं आठवायचं. आण्णांना घाई नसायची. चप्पल काढायची, देवाच्या पाया पडायचं, यजमानाची विचारपूस करायची, आणि मग खिशातून चेनची छोटी काळी पिशवी काढून पंगतीच्या कडेला खुर्ची ओढून बसायचं. समोरून जो जाईल त्याला एकच वाक्य, "बोट दे."

पिशवीत साखर मोजायचं मशीन असे, पट्ट्यांची डबी, कापूस आणि सुया. प्रत्येकाला नवी सुई. ती समोरच्याच्या डोळ्यांदेखत उघडायची आणि म्हणायचं, "नवी हाय, बघून घे." आकडा बरा आला तरी "जा, पळ," आणि वाईट आला तरी "जा, पळ." त्यांच्या तोंडावरून काही म्हणता काही कळायचं नाही. नव्या सुनांना आधी वाटायचं, म्हातारा चक्रम आहे. मग घरचं कुणीतरी त्यांना कोपऱ्यात नेऊन हळूच समजावून सांगायचं, आणि त्या आणखीच घाबरायच्या.

आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. साताऱ्याकडचं गाव सोडून आलेले, रबाळ्याच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात उभी हयात काढलेले, आणि निवृत्तीनंतर घणसोलीला मुलाकडे, म्हणजे आमच्या सचिनदादाकडे राहणारे. सचिनदादा कॉलेजात असतानाच वाळायला लागला होता. साखर निघाली, इन्सुलिन सुरू झालं, लहान वयात येणारा मधुमेह म्हणून सगळ्यांनी मान्य करून टाकलं. बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे बघता बघता सोबत आलेल्या आण्णांकडे बघितलं. आण्णाही काडीसारखे. बाईंनी विचारलं, तुम्हाला कधीपासून आहे? तुमच्या वडिलांचं काय? आमचे आजोबा गावी ऐन उमेदीत असेच वाळत गेले होते. लोक म्हणायचे, बाहेरचं काहीतरी आहे.

बाईंनी दोघांचं रक्त लांब कुठेतरी तपासायला पाठवलं. उत्तर आलं की हा नेहमीचा मधुमेह नव्हेच. एका जीनमधल्या चुकीने होणारा, क्वचित सापडणारा, घराण्यात उतरत जाणारा. आई किंवा बाप, एकाला असला तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. सचिनदादाचं इन्सुलिन बाईंच्या देखरेखीखाली हळूहळू सुटलं आणि तो छोट्याशा गोळीवर आला. घरात पेढे वाटले, आता बोला! आण्णांनी पेढा घेतला नाही. दवाखान्यातून त्यांनी 'निम्मी' एवढा एकच शब्द घरी आणला होता. "छापा-काटा हाय नुसता," ते म्हणायचे. "आन् नाणं मी उडवलंय."

तुमच्या भावंडांच्या मुलांनाही तपासून घ्यायला सांगा, असं बाई जाता जाता म्हणाल्या होत्या. दुसऱ्या कुणी चार फोन केले असते. आण्णांनी ती नोकरीच धरली. कारखान्यात ते प्रत्येक लॉटमधला एखादा नग उचलून तपासायचे. इथे तसं भागणार नव्हतं. "हितं नमुना चालत न्हाई," ते सांगायचे, "हितं एकेक नग बघावा लागतोय."

फक्त एक घोळ होता. आमची भावकी कोपरखैरणे, ऐरोली, सीवूड्स, कुठे कुठे विखुरलेली. सगळे एकत्र येणार ते बारशाला, साखरपुड्याला, सत्यनारायणाला. म्हणजे आण्णा तपासणार ते शिरा, जिलेबी आणि बासुंदी पोटात गेल्यावर. साहजिकच निम्म्या भावकीचे आकडे चढलेले. डॉक्टरीणबाईंना हे कळलं तेव्हा त्या चांगल्याच रागावल्या. जेवणावळीत कुणी साखर तपासतं का, म्हणाल्या. आण्णांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "बाई, उपाशीपोटी आमची भावकी एकत्र येतीय कवा?" बाईंना हसू आवरेना. पण तेव्हापासून आण्णांनी सुधारणा केली. कार्यात ज्याचा आकडा जास्त येईल त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, ते हजर. त्यामुळे आमच्यात "सकाळी आण्णा आले होते" हे वाक्य आवाज खाली आणूनच बोललं जातं. ज्यांच्या घरी लग्नाची मुलं-मुली होती ते तर फार चिडायचे. एका काकूंनी पत्रिका देतानाच सांगितलं, आण्णा, या जरूर, पण ती पिशवी घरी ठेवून या. आण्णा गेले, अक्षता टाकल्या, न जेवता परत आले.

माझं बोट त्यांनी एका चुलतबहिणीच्या साखरपुड्यात धरलं. मी नुकतीच नोकरीला लागले होते, अंगावर नवी साडी होती, आणि हॉलमध्ये मुलाकडची माणसंही होती. त्यातली एक बाई माझ्याकडे आपल्या भाच्यासाठी बघते आहे, असं आईने मला दोनदा कोपराने ढोसून सांगितलं होतं. मशीनवरचा आकडा मी पाहिला. तो कुठल्याही जेवणाचा नव्हता, एवढं मलाही कळत होतं. ती बाई मागेच उभी होती. आण्णांनी मशीन तळहाताखाली झाकलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "बासुंदी चापलीय हिनं, बासुंदी! मशीन तरी काय करंल?" लोक हसले. मीही हसले. मी बासुंदीला हात लावला नव्हता. मला ती आवडतच नाही, आणि आण्णांना ते माझ्या लहानपणापासून माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीवूड्सच्या आमच्या दारात ते उभे. चहा घेतला नाहीस ना, एवढंच विचारलं. आकडा उपाशीपोटीही तसाच आला. माझे बाबा शेजारी बसले होते. त्यांची स्वतःची साखर चाळिशीतच निघाली होती, पण ती सगळ्यांनी 'टेन्शनची' म्हणून खपवली होती. आई रडायला लागली. आण्णा माझ्या बोटावर कापूस धरून बसले होते. म्हणाले, "आकडा म्हंजी शिवी न्हवं, आस्मे. दमशील. लई दमशील. दमलीस तर बस घटकाभर, पर बोट द्यायचं."

खरंच दमले. आज मी अठ्ठावीस वर्षांची आहे आणि मला या आजाराचा कंटाळा आला आहे. दुःख-बिःख नाही, कंटाळा. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की केकच्या तुकड्यावरून तीच चर्चा. तू एवढी बारीक, तुला कशी गं साखर? नव्या डॉक्टरकडे जावं तर ते विचारणार, टाइप वन की टाइप टू? दोन्ही नाही म्हटलं की माझ्याकडे असं बघतात जणू मीच काहीतरी बनवून सांगते आहे. मग पहिल्यापासून सगळं पुराण. गोळी घेऊन जेवायला उशीर झाला की हातपाय थरथरतात, आणि मीटिंग चालू असताना पर्समधून साखरेची पुडी काढून तोंडात टाकावी लागते. दोन स्थळं मी स्वतः सांगून घालवली. तिसऱ्याला सांगायचाच कंटाळा आला म्हणून भेटायलाच गेले नाही. रविवारी सगळ्याला सुटी असते, या आजाराला तेवढी नसते.

हे सगळं फक्त आण्णांपाशी बोलता यायचं. त्यांना फोन केला की ते उपदेश करत नसत. "दमलीस व्हय? मीबी दमलोय," म्हणायचे, आणि फोन ठेवायची घाई करायचे नाहीत. त्यांची साखर कितीतरी वर्षं कुणाच्या लक्षात न येता वाढत राहिली होती. तिने आधी त्यांचे डोळे नेले, मग मूत्रपिंडं. शेवटी शेवटी डायलिसिसहून आले की ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. मशीनवरचा आकडा दिसेनासा झाला तेव्हा पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली. मला ती नको होती, पण नाही म्हणायचं तर कसं?

एका संध्याकाळी मी घणसोलीला त्यांच्याजवळ बसून माझं स्वतःचं बोट टोचत होते. सचिनदादाची मुलगी ईश्वरी शाळेचा गणवेश न बदलताच पलंगाच्या कडेला येऊन बसली. तेरा-चौदा वर्षांची, उंच, किडकिडीत. टक लावून बघत होती. मग म्हणाली, "आत्या, खूप दुखतं का गं?"

माझा हात तिथेच थांबला. सगळ्या भावकीत असं एक पोर सापडणार नाही ज्याला हा प्रश्न पडेल, प्रत्येकाचं बोट आण्णांनी कधी ना कधी टोचलेलं. आणि आण्णांच्या मांडीवर वाढलेली ही पोर मला विचारत होती, दुखतं का. सचिनदादा आणि वहिनी तर धरूनच चालले होते की हिचं केव्हाच बघून झालं आहे. आण्णांनी त्यांना तसं सांगितलंही होतं. आण्णांवर कोण शंका घेणार?

ईश्वरी आत गेल्यावर मी हळूच विचारलं, "आण्णा, हिचं कधी बघितलंत?"

ते भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाले, "न्हाई झालं माझ्या हातनं. सगळ्यांची धरली. हिचं बोट धरलं की माझाच हात कापतोय. माझ्यातनं सचिनला गेलं. त्याच्यातनं हिला... बघितलं न्हाई तवर ती बरी हाय, आस्मे."

मला राग आला. एवढा राग मला त्यांचा कधी आला नव्हता. आम्हाला पंगतीतून उठवून टोचलंत आणि हिला तेवढी झाकून ठेवलीत, असं तोंडावर म्हणणार होते. पण डायलिसिसच्या सुयांनी सुजून काळानिळा झालेला त्यांचा दंड माझ्यासमोर होता. शिवाय ते काय म्हणत होते ते मला कळत होतं. मला मूल झालं तर मी तरी त्याचं बोट धरणार आहे का, कुणास ठाऊक. मी एवढंच म्हटलं, "आण्णा, तुमचे डोळे गेले ते कुणी वेळेत बघितलं नाही म्हणून. हिचे आहेत अजून."

ते रडले. आवाज न करता, उशीत तोंड खुपसून. मग म्हणाले, रविवारी सकाळी ये, आणि पोरीला चहा देऊ नका म्हणावं. सचिनदादाला आणि वहिनीला मीच बाहेरच्या खोलीत बसवून सगळं सांगितलं. वहिनी माझ्यावरच ओरडली. सचिनदादा खुर्चीत बसून आपल्याच बोटांकडे बघत राहिला.

रविवारी मी गेले तेव्हा आण्णा उशीला टेकून बसले होते. कुणीतरी त्यांची दाढी केली होती. ईश्वरी त्यांच्याजवळ बसली. मी पिशवी उघडली, सुई काढली, आणि सवयीने तोंडातून निघालं, "नवी आहे, बघून घे." तिने बोट पुढे केलं. वहिनी दाराला धरून उभी होती, सचिनदादा तिच्या मागे. थेंब आला, पट्टीने ओढून घेतला. मशीन पाच, चार, तीन असं उलटं मोजत आलं, वाजलं आणि थांबलं.

पुढे रीतसर तपासण्या झाल्या. बाईंनी औषध ठरवलं, सचिनदादा ते वेळच्या वेळी देतो. आण्णा त्यानंतर पंधरवड्यात गेले. तेराव्याला भावकी जमली तेव्हा पोरं बाथरूममध्ये लपली नाहीत, आणि त्यामुळेच घर फार परकं वाटलं. पण मला आण्णा आठवतात ते त्या रविवार सकाळचे.

मशीन माझ्या हातात होतं. आण्णांना दिसत नव्हतं. त्यांनी मशीनच्या आवाजाच्या दिशेने तोंड केलं आणि विचारलं, "किती?"

तीन माणसं माझ्याकडे बघत होती. मशीन तळहाताखाली झाकलं. मग मी म्हणाले, "बासुंदी चापलीय हिनं, आण्णा."

"मी कुठे? मी तर अजून पाणी पण नाही प्यायले," ईश्वरी म्हणाली.

आण्णांना कळलं. त्यांच्याशिवाय त्या खोलीत दुसऱ्या कुणाला ते कळणार नव्हतं. त्यांनी मान हलवली, दोनदा. हात पुढे करून चाचपत तिचं बोट शोधलं आणि माझ्याकडून कापूस मागून घेतला. त्यांचा हात कापत नव्हता.

"बासुंदी व्हय," ते म्हणाले. "मग उद्या परत बघू."

ईश्वरी म्हणाली, "आजोबा, नाही दुखलं. मला वाटलं होतं तेवढं नाही दुखलं."

रक्त केव्हाच थांबलं होतं. वहिनीने आतून चहा आणला, तो निवला, तरी आण्णा तिचं बोट धरूनच बसले होते.