गच्चीवरचा अँटेना मी कधी तपासला?

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी आमच्या अपार्टमेंटच्या नोटीस बोर्डवर वाचलं: "गच्चीवरचा मोबाइल अँटेना सोसायटीतील निवृत्त अभियंत्यांनी तपासला आहे. काळजी नसावी."

मंडळी, या इमारतीत निवृत्त अभियंता एकच आहे. मी. आणि मी तो अँटेना पाहिलाही नव्हता.

तशीच गच्चीवर गेले. दोघं जण खांबाचे बोल्ट आवळत होते.

"अर्थिंगची पट्टी कुठंय?"

"ती नंतर टाकू मॅडम. लई टेन्शन घेऊ नका."

वायरलेसमध्ये माझी तीस वर्षं गेली. शेंद्र्यापासून फुलंब्रीपर्यंत टॉवर उभे केले. आमची रीत एकच होती: आधी अर्थिंग जमिनीत, मगच अँटेना वर. आभाळातली वीज थांबत नाही. त्या खांबाच्या बरोबर खाली शेखभाभींचं घर आहे, आणि त्या निर्धास्त आहेत. का? तर "आंटींनी बघितलंय ना!"

सचिवांना गाठलं. ते हसले. "काकू, नोटिशीत तुमचं नाव कुठं आहे?"

म्हणजे शब्द मोजूनमापून निवडलेत. आठवडाभर मी पुण्याला लेकीकडे होते, तेवढ्यातच काम सुरू झालं, हाही योगायोगच समजू का?

तुमच्या नावावर असं कुणी काही खपवलंय का? लिहा.

आणि सचिवसाहेब, तपासणी कोणी केली आणि कधी, याचं सहीनिशी लेखी उत्तर शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत हवं. व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालणार नाही. शेखभाभींना खरं काय ते मी सांगून आले आहे.