इस्त्रीवाले अप्पा

फायर ब्रिगेडमध्ये उभी नोकरी काढून ज्याच्या युनिफॉर्मला काजळीचा ठिपका लागला नाही असा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे अप्पा. आगीची खबर आली की आमच्याकडे ‘वर्दी आली’ म्हणतात. वर्दीवरून परतलो की आम्ही बाकीचे कोळशाच्या वखारीत लोळून आल्यासारखे दिसायचो. साबण लावून तोंड धुतलं तरी दुसऱ्या दिवशी नाक शिंकरलं की काळं यायचं. आणि अप्पा ड्रायव्हरच्या सीटवरून उतरायचे ते सकाळी घरून निघाले होते तसेच. कॉलर ताठ, बाहीवरची इस्त्रीची रेघ शाबूत. पोरांनी त्यांचं नाव इस्त्रीवाले अप्पा ठेवलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. बूट तेवढे ओले असायचे, बारा महिने.

यात कामचुकारपणा नव्हता, त्यांचं कामच तसं होतं. अप्पा ड्रायव्हर आणि पंप ऑपरेटर. बंब आगीपाशी नेऊन लावायचा आणि मग पंपावर उभं राहून पुढच्यांना पाणी पुरवायचं. गाडी नेहमी तोंड रस्त्याकडे करून लावायची, पळायची वेळ आली तर पळता यावं म्हणून. पंप गाडीच्या मागच्या अंगाला, त्यामुळे त्याच्यासमोर उभ्या माणसाची पाठ आगीकडे. आमच्या काळातल्या डोंबिवलीच्या झाडून सगळ्या मोठ्या आगींना अप्पा हजर होते आणि त्यातली एकही त्यांनी धड पाहिलेली नव्हती. मी एकदा चिडवलं, की अप्पा, तुम्ही म्हणजे सिनेमाला जाऊन पडद्याकडे पाठ करून बसणारे. ते हसले नाहीत.

“सुर्व्या,” ते म्हणाले, “ज्या दिवशी माझा शर्ट काळा होईल, त्या दिवशी समज मी पंप सोडला. आणि मी पंप सोडला तर तू घरी जात नाहीस.”

मी ब्रँचवर असायचो. ब्रँच म्हणजे होजच्या, पाण्याच्या जाड पाइपच्या, टोकाचं पितळी तोंड. ते धरून आत घुसणारा तो मी. त्यानंतर मी त्यांच्या इस्त्रीवर विनोद केला नाही, निदान आठवडाभर तरी.

त्यांची गाडी म्हणजे ‘सत्तावीस’. नंबर प्लेटवरचे शेवटचे आकडे तेच तिचं नाव. लांब नाकाची, लाकडी शिडी डोक्यावर घेतलेली, दाराशेजारी पितळी घंटा. नव्या गाड्यांना सायरन आले तरी अप्पांचा भरवसा घंटेवर. बाजारातल्या अरुंद रस्त्यावर सायरन ऐकून लोक वळून बघत उभे राहतात आणि घंटा ऐकून बाजूला होतात, असं त्यांचं म्हणणं. ती बडवायचं काम शेजारी बसलेल्याचं, म्हणजे माझंच. मी जीव तोडून दोरी ओढायचो आणि हे स्टिअरिंगवरून नजर न हलवता म्हणायचे, “लग्नाची वरात नाहीये रे, जरा तालात वाजव.” एका बाजूला घर जळतंय आणि हा माणूस ताल शिकवतोय. मला तेव्हा मनस्वी राग यायचा. पुढे मीही नव्या पोरांना तेच सांगायला लागलो.

त्यांचा एक नियम मात्र मला नोकरीभर छळत राहिला: टाकी भरल्याशिवाय चहा नाही. वर्दीवरून भिजून, भाजून, उपाशी परत यावं, स्टेशनात चहाची किटली वाफाळत असावी, आणि अप्पांनी गाडी थेट पाण्याच्या नळाशी नेऊन लावावी. टाकी काठोकाठ भरेपर्यंत कुणी कपाला हात लावायचा नाही. मी गरम चहाचा माणूस आहे. गार चहा माझ्या मते पाप आहे, आणि ते मी अप्पांच्या हाताखाली रोज केलं. एकदा कुरकुरलो तर त्यांनी शांतपणे विचारलं, की आत्ता पुन्हा घंटा झाली तर तिथे जाऊन काय ओतणार आहेस, चहा? घरीही तीच तऱ्हा. सगळ्यांच्या पेल्यात पाणी आहे हे बघितल्याखेरीज स्वतःचा घास उचलायचे नाहीत. नात्यातल्या लग्नात आहेर होण्याआधी हे पंगतीत पाण्याचा जग घेऊन फिरताना दिसायचे. त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, त्याची लाज वाटायची, कारण पाहुणे त्यांना वाढपी समजत.

पंप चालू असला की त्याच्या आवाजापुढे ओरडून काही कळवणं अशक्य. अप्पांचा उजवा हात पंपाच्या थ्रॉटलवर, पाण्याचा जोर कमीजास्त करायच्या दांड्यावर, असायचा आणि मधूनमधून ते खाली वाकून डावा तळवा होजवर ठेवायचे, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. तेवढ्यावर त्यांना पुढचं समजायचं. मी जिना चढतोय की थांबलोय, ब्रँच माझ्या हातात आहे की दुसऱ्याच्या. पाणी जास्त झालं तर ब्रँच माणसाला भिरकावून देते आणि कमी झालं तर आग अंगावर येते. माझ्या हातात मात्र ते नेहमी पेलेल एवढंच यायचं. मला बरीच वर्षं वाटत होतं की मीच ताकदवान आहे. अप्पा रजेवर गेले तेव्हा खरं कळलं, आणि उताणा पडलो.

ती कारखान्याची आग मी विसरायची म्हटली तरी विसरणार नाही. औद्योगिक वसाहतीतला केमिकलचा कारखाना, भर दुपार. मी आणि आणखी एक जवान असे आम्ही दोघं ब्रँच घेऊन पिंपांच्या शेडमध्ये शिरलो होतो. टाकीतलं पाणी उतरत चाललेलं आणि मागून येणारा टँकर रस्त्यात अडकलेला. अशात बाहेरच्या बाजूचं एक पिंप फुटलं. बघे पळाले, इतर गाड्या मागे घेतल्या गेल्या. सत्तावीसही मागे घ्या असा अप्पांना ओरडा झाला. गाडी हलवायची म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे आमच्यापुढचा पाण्याचा पडदा गेला. अप्पा हलले नाहीत. आहे तेवढं पाणी त्यांनी बारीक करून आम्हाला पुरवलं. धार रोडावली, पण तुटली नाही. तो पडदा पुढे धरून आम्ही एकेक पाऊल मागे येत बाहेर पडलो, तेव्हा सत्तावीसच्या मागचा लाल रंग पापडासारखा फुगला होता आणि अप्पा तिथेच उभे होते, आगीकडे पाठ करून. शर्टावर डाग नाही. मानेवर, कॉलरच्या वर मात्र फोडांची ओळ. मी काही बोलणार तोच म्हणाले, “चल, होज गुंडाळ. टाकी भरायचीय.”

दुसऱ्या दिवशी पेपरात आमचा फोटो आला, काळ्या तोंडांचा. अप्पा त्यात नव्हते, ते टाकी भरत होते. त्यांची मुलगी सुजाता तेव्हा शाळेत होती. तिने फोटो निरखून पाहिला आणि विचारलं, अप्पा, यात तुम्ही कुठे आहात? गाडीपाशी होतो, ते म्हणाले. आणि मानेला काय झालं? उन्हाने भाजलं. झालं, एवढ्यावर विषय संपला. पुढे शाळेत वडिलांच्या कामावर बोलायला सांगितलं तेव्हा पोरगी सरळ बोलली, की माझे वडील आग विझवत नाहीत, ते फक्त गाडी चालवतात.

हे अप्पांनी मला सांगितलं तेव्हा आम्ही सत्तावीस पुसत होतो. मी भडकलो. म्हटलं, मी येतो घरी, मी सांगतो तिला. त्यांनी मान हलवली.

“खोटं कुठे बोलली ती? गाडीच चालवतो की.” फडकं पिळून त्यांनी पुन्हा घंटेवर फिरवलं. “पण जरा लागलं रे. आणि हे सांगून कळायचं नाही. हातात यावं लागतं.”

त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही. मी विसरलो नव्हतो. ज्या माणसामुळे माझ्या पोरांना बाप राहिला, त्याच्या पोरीला त्याचं काम ठाऊक नाही, हे मला सलत राहिलं. ती शिकली, कंपनीत लागली, लग्न होऊन घोडबंदर रोडला उंच इमारतीत राहायला गेली. बापावर माया भरपूर, दर रविवारी डोंबिवलीला यायची. पण बापाची नोकरी म्हणजे तिच्या लेखी ओले बूट आणि ते वाळावेत म्हणून त्यात कोंबलेले पेपरचे बोळे.

सत्तावीस अप्पांच्या आधी रिटायर झाली आणि शेडमागे पडून राहिली. तिच्यावर वेल चढले. गेल्या वर्षी कुणा साहेबाच्या मनात आलं, की जुनी गाडी दुरुस्त करून स्टेशनाच्या दारात ठेवावी, शाळेच्या मुलांना दाखवायला. अप्पांना हे कळलं आणि ऐकू कमी येणारा, दोन जिने चढताना चारदा थांबणारा हा म्हातारा रोज मेकॅनिकच्या उशाशी जाऊन बसायला लागला. नुसता रंग देऊ नका, पंप चालला पाहिजे, म्हणाले. मेकॅनिक वैतागला, पण पंप चालला.

मुलांना पाणी मारून दाखवायचं ठरलं तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. पंप अप्पांनीच चालवावा म्हणून साहेबांकडून परवानगी घेतली आणि सुजाताला फोन केला. ती घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकून, मुलं निघून गेल्यावर पोचली. बरंच झालं. अप्पा पंपावरच होते, पाठमोरे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. ती आल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. मी तिला लांब, होजच्या टोकाशी नेलं, ब्रँच तिच्या हातात दिली आणि मागून आधाराला उभा राहिलो. ती म्हणाली, काका, मला नाही जमणार. मी हात वर करून खूण केली, पंपाजवळ उभ्या ड्युटीवरच्या पोराने अप्पांच्या खांद्याला हात लावला आणि पाणी सुटलं.

चपटा होज फुगत आमच्याकडे आला आणि ब्रँच तिच्या हातात जिवंत झाली. तिचा तोल गेला. मी सावरणार, तेवढ्यात जोर अलगद कमी झाला. तिला पेलेल इतका, आणि तिथेच थांबला. लांबवर अप्पा वाकले होते. डावा तळवा होजवर होता.

“काका, ते इकडे बघत का नाहीत?”

“बघायची गरज नाही त्यांना. कळतंय.”

 मग तिने एक पाऊल पुढे टाकून पाहिलं, आणि पाण्याचा जोर तिच्याबरोबर किंचित वाढला. मागे आली, कमी झाला. धार समोरच्या भिंतीवर पडत होती आणि तिचे डोळे भरून वाहत होते. ब्रँच न सोडता तिने विचारलं, “त्यांच्या मानेवरचा तो डाग उन्हाचा नाहीये ना?”

“नाही,” मी म्हणालो. तेव्हा पाठीमागे पेटलेलं पिंप होतं आणि शेडमध्ये त्यांच्या पाण्याच्या जिवावर मी होतो, हे तिला तिथेच सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. अर्धं तिच्या हातात आधीच आलं होतं.

पंप बंद करून अप्पा सावकाश आमच्याकडे आले. “ब्रँचवर कोण होतं रे? नवा हात होता. पण ब्रँच सोडली नाही.” मग समोर लेक दिसली, नखशिखांत भिजलेली. दोघंही एकमेकांकडे बघत राहिले.  शेवटी अप्पा तिच्या पायांकडे बघून म्हणाले, “बूट ओले झाले तुझे. घरी गेलीस की पेपरचे बोळे घाल.” तिने त्यांच्या मानेवर, त्या डागावर, हात ठेवला आणि ते तसेच उभे राहिले. मी होज गुंडाळायला घेतला, कारण मलाही काहीतरी करणं भाग होतं.

दिवाळीनंतर अप्पा गेले. झोपेतच गेले. स्मशानातून परत आल्यावर शेजाऱ्यांनी चहा केला होता. घर माणसांनी भरलेलं. एवढ्यात खाली बंब थांबला. कोपरकडच्या वर्दीवरून परतणारी आमची पोरं, काळ्या तोंडांची, दर्शन हुकलं म्हणून घरी आली होती. दारात बूट काढून मान खाली घालून उभी राहिली. कुणीतरी त्यांच्यापुढे चहाचा ट्रे धरला. कोपऱ्यात बसलेली सुजाता उठली, डोळे पुसले आणि ड्रायव्हरला विचारलं, “टाकी भरलीत?”

तो गोंधळला. म्हणाला, नाही ताई, इथून जाताना भरणार होतो.

“आधी भरून या. चहा कुठे जात नाही.”

पोरं एकमेकांकडे न बघता बूट घालून खाली उतरली. माझा कप ओठांपर्यंत गेला होता, मीही तो खाली ठेवला. बंब जाऊन टाकी भरून परत येईपर्यंत त्या खोलीत कुणीच चहा प्यायलं नाही. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तो घेतला. पार गार झाला होता. मी दोन कप प्यायलो.