मकरंदच्या मागचे दिवे

अड्यारच्या बँकेत विद्युलताबाईंच्या टेबलापुढे उभं राहिलं की भलेभले शर्टाची बटणं चाचपतात. सांगलीहून लग्न होऊन चेन्नईला आल्या त्याला बरीच वर्षं झाली. तमिळ अजून मोडकंतोडकं, पण दरारा अस्सल! अशा बाईला एकच गोष्ट जमत नव्हती, ‘मी शेवटची’ एवढं म्हणणं.

त्याचं असं झालं. नवरा मकरंद जीपवाल्यांच्या क्लबात. शनिवार आला की स्वारी निघालीच रानात. क्लबाचा एक नियम मोठा कडक. फाट्यावर मागच्या गाडीचे दिवे दिसेपर्यंत थांबायचं, आणि मागचा वाट चुकला तर त्याला आणायला आपणच वळायचं. सगळ्यांत मागे मकरंद. दर फाट्यावर तो दोनदा दिवे मिचकावायचा आणि वॉकीटॉकीवर सांगायचा, ‘मी शेवटचा. चला.’

मग तो गेला, झोपेतच. बाईंनी जीप विकली नाही. हट्टानं चालवायला शिकल्या आणि क्लबाकडून त्याचीच जागा मागून घेतली. पण फाटा आला की नुसतं म्हणायच्या, ‘आले.’ मी शेवटची म्हटलं की मागे कुणीच नाही, असं होतं ना!

परवाच्या शनिवारी गुम्मिडिपूंडीच्या पलीकडे, खुरट्या रानात गाड्या शिरल्या. बाईंच्या शेजारी मुलगी प्राची, कॉलेजातली, कानात गाणी. दिवस मावळला आणि आरशात दोन दिवे दिसले. बाई थांबल्या, दिवे थांबले. निघाल्या, तेही निघाले. अंतर मकरंद ठेवायचा तेवढंच. पुढच्या फाट्यावर ते दोनदा मिचकले. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला, अगदी वेडा आनंद. प्राचीला सांगावं का? नको, आईचं डोकं फिरलं म्हणेल.

शेवटचा फाटा आला. उजवीकडे मुक्कामाची जागा, डावीकडे पाण्यानं भरलेली जुनी दगडखाण. कठडा नाही, काही नाही. बाई उजवीकडे वळल्या. दिवे मात्र डावीकडे गेले आणि थोडं आत जाऊन उभे राहिले, वाट बघत.

नियम म्हणजे नियम. बाईंनी गाडी मागे घेतली आणि चाकं डावीकडे वळवली.

‘आई, अगं तिकडे खाण आहे!’ प्राची ओरडली.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. सगळ्यांत पुढच्या गाडीतला शेषगिरी, तंजावरचा मराठी माणूस, विचारत होता, ‘वैनी, अय्यो, थांबलात काय? मागे कोण आहे?’

दिवे पुन्हा मिचकले. बाईंचा पाय ब्रेकवरून निसटू लागला. जावं असं वाटत होतं, फार वाटत होतं. पण प्राचीनं त्यांचा दंड घट्ट धरला होता आणि पोरीचा हात थंडगार पडला होता. बाईंनी ब्रेक दाबला. मग बटण दाबलं.

‘मी शेवटची,’ त्या कशाबशा म्हणाल्या. ‘मागे कुणी नाही. चला.’

दिवे विझले.

गाडी उजवीकडच्या वाटेला लागली. बाईंनी डोळे पुसले.

‘आई,’ प्राचीनं हळूच विचारलं, ‘बाबांनी दिवे का घालवले गं?’