धुळे : एक

निवृत्त झाल्यावर मोजमाप सोडून द्यायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. उभी नोकरी जळगावच्या एका वाचनालयात गेली आणि त्यातला निम्मा वेळ वाचकांची नोंदवही सांभाळण्यात. डावीकडे नाव, उजवीकडे सही. एक गृहस्थ रोज सकाळी पेपर वाचायला यायचे आणि न आलेल्या दोन मित्रांच्याही सह्या ठोकायचे. का, तर आकडा कमी दिसू नये आणि वाचनालयाचं भलं व्हावं. तपासणीला आलेले साहेब शेवटचा आकडा बघून मान डोलवायचे. त्या सह्यांमागे खरंच कुणी काही वाचलं का, हे मला कधी कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं.

एवढं सगळं पाहिलेल्या बाईने म्हातारपणी आपल्या ब्लॉगवर वाचक मोजायचं यंत्र बसवावं, याला काय म्हणायचं ते म्हणा. पण मला सगळे वाचक मोजायचे नव्हते. एकच मोजायचा होता. धुळ्याला माझा मोठा भाऊ राहतो. तो मी लिहिलेलं वाचतो की नाही, एवढंच मला हवं होतं. दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नव्हता.

कारण मीच दिलं होतं. निवृत्तीनंतर मी ब्लॉगवर माहेरच्या आठवणी लिहू लागले आणि त्यात एक लेख कानबाईच्या रोटांवर लिहिला. आमच्या माहेरी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई, आमची खानदेशची देवी, बसते. तिच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू घरातल्या पुरुषांच्या संख्येवर काढतात, एका पुरुषामागे सव्वा मूठ. पाळण्यातला पोरगा असला तरी त्याची मूठ पडते. गहू निवडायचे मुलींनी, गिरणीत न्यायचे मुलींनी, चुलीपुढे धूर खायचा बायकांनी. आणि आमच्या भाऊबंदांत तर मुलींना रोट चाखायलाही देत नसत, कारण पोरगी उद्या दुसऱ्या कुळाची. नऊ वर्षांची असताना मी आईला विचारलं होतं, माझी मूठ कुठे? आई म्हणाली, "तुनी मूठ तुना सासरले पडी." सासरी आले तर तिथेही मोजणी पुरुषांचीच. हे सगळं मी लिहिलं. शेवटी लिहिलं की मी दारात उभी होते, भाऊ समोर बसून रोट खात होता आणि त्याने एकदाही मान वर केली नाही.

त्या लेखाची लिंक कुणीतरी भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकली. मग काय, घरची लक्तरं वेशीवर टांगली इथपासून शिकलेल्या बायका अशाच इथपर्यंत सगळं ऐकून झालं. त्याचं मला फार काही वाटलं नाही. भावाने मात्र तोंडातून एक शब्द काढला नाही. त्या वर्षी कानबाईला ये म्हणून त्याचा फोन आला नाही. मी दोनदा केला, दोन्ही वेळा वहिनींनी उचलला. "ते वावरमा शेत," म्हणाल्या. रात्री आठ वाजता कोण वावरात असतं? मी तिसऱ्यांदा केला नाही. मानी मीही आहेच, एकाच आईची आम्ही दोघं.

तर ते यंत्र. फुकट मिळणारं होतं, सूचना सगळ्या इंग्रजीत. त्यांनी दिलेला कोड ब्लॉगच्या थीममध्ये एका ठरावीक जागी चिकटवायचा होता. मी तो चिकटवला भलत्याच जागी. त्यामुळे ब्लॉग उघडला की लेखाच्या आधी कंसांची आणि अक्षरांची सात-आठ ओळींची जत्रा दिसायची. दोन दिवस ती तशीच होती आणि मला कुणीही कळवलं नाही. माझे वाचक किती, हे खरं तर तिथेच कळायला हवं होतं.

कोड नीट बसला तेव्हा पाठ आखडून गेली होती. सुरुवातीला मुंबई, पुणे, नाशिक अशी नावं आली. परदेशातलं एक गाव रोज यायचं आणि दोन सेकंदांत सगळे लेख पालथे घालून जायचं. एवढा तत्पर वाचक मला नोकरीत एकही मिळाला नव्हता. नवरा म्हणाला, "अगं, तो माणूस नाही, यंत्र आहे. यंत्रं यंत्रांना वाचतात." पुढे एक खूण करायची जागा सापडली, स्वतःच्या भेटी वगळा अशी. मी खूण केली आणि निश्चिंत झाले. नोंदवहीत मी स्वतःची सही कधी केली नव्हती, ब्लॉगवर कशाला करू?

दुसऱ्याच रविवारी यादीत धुळे दिसलं. धुळे, एक.

सोमवारी नाही, मंगळवारी नाही. पुढच्या रविवारी पुन्हा धुळे, एक. मी नवऱ्याला काही बोलले नाही. भाऊ रविवारीच निवांत असतो, हे मला माहीत होतं. आंघोळ करून, चहा घेऊन, चष्मा लावून तो ओट्यावर बसला असेल आणि वहिनींना दिसू नये म्हणून मोबाइल जरा आडवा धरला असेल, असं चित्र मी पूर्ण रंगवून टाकलं. शनिवारी लेख टाकायचा आणि रविवारी संध्याकाळी यादी उघडायची, असा माझा आठवडा झाला. मधले दिवस नुसते ढकलायचे.

हळूहळू माझं लिहिणं बदललं. एका वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून लिहायला बसलं की हात आपोआप सांभाळून चालतो. भाऊ मला सायकलवर डबलसीट शाळेत सोडायचा, ते लिहिलं. माझ्या परीक्षेच्या दिवसांत त्याने माझ्या वाटणीचं पाणी भरलं, ते लिहिलं. खोटं यातलं काही नव्हतं, पण सगळं चाळून घेतलेलं होतं, खडा म्हणून कुठे लागू नये असं. नवऱ्याने एक लेख वाचला आणि म्हणाला, "हल्ली तुझं लिहिणं सत्काराच्या भाषणासारखं झालंय." मी त्याच्यावर चिडले. तो बरोबर बोलला होता म्हणूनच चिडले.

आणि मग एका शनिवारी मी रोटांचा लेख काढून टाकला. मनात म्हटलं, तो दर रविवारी येतो, सगळं वाचतो आणि तरी फोन करत नाही, म्हणजे त्या एका लेखाशी येऊन अडतो. ते कुसळ आपणच काढावं. यंत्राने विचारलं, काढलेलं परत मिळणार नाही, नक्की का? मी नक्की म्हटलं. तो लेख मी थेट ब्लॉगवरच टाइप केला होता, कागदावर किंवा आणखी कुठे त्याची प्रत नव्हती. दुसऱ्या दिवशी धुळे, एक आलं आणि मला वाटलं, पावती मिळाली.

फोन आला नाही. उन्हाळा गेला, आषाढ संपत आला.

आता पहूरचं सांगायला हवं. सासूबाई धाकट्या दिरांकडे पहूरला असतात. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं त्यांना भेटायला जातो, जेवून दुपारी परत. त्या रविवारी सासूबाई डुलकी काढत होत्या आणि मी ओसरीवर मोबाइलवर आदल्या दिवशीचा लेख तपासत होते. तो मी दर रविवारी तिथे बसूनच तपासते, चुका नंतर दिसतात म्हणून. आकड्यांचं पान मी कधी मोबाइलवर बघत नसे, त्यातली अक्षरं मुंगीएवढी. त्या दिवशी का कोण जाणे, तेही उघडलं. आत्ता ब्लॉगवर असलेले वाचक, एक. गाव, धुळे.

म्हणजे या क्षणी तो वाचतोय. मी लेख बंद केला आणि आकड्यांकडे बघत बसले. थोड्या वेळाने धुळे नाहीसं झालं. लेख पुन्हा उघडला, धुळे आलं. बंद केला, गेलं. असं चार वेळा केलं. दुसऱ्या वेळीच कळलं होतं, उरलेल्या दोन वेळा नुसती आशा होती.

घरी मोबाइल आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर चालतात. मी वगळा म्हणून सांगितलं होतं ते यंत्राने त्या वायफायला वगळलं होतं, मला नाही. पहूरला मोबाइल कंपनीचं नेट लागायचं, आणि त्या नेटचा पत्ता यंत्राच्या हिशेबी धुळे होता. कंपनीचं ते जाळं कुठून कसं फिरतं, ते मला आजही कळत नाही. एवढं कळलं की महिनोन्‌महिने मी माझ्यासाठीच लिहीत होते, माझीच मर्जी राखत होते आणि माझ्याच रागाला भिऊन माझाच लेख पुसून बसले होते. त्या वाचनालयातल्या गृहस्थांना मी मनात किती हसले होते. ते निदान जाणूनबुजून दुसऱ्याच्या सह्या करायचे.

मला रडू आलं नाही. नुसता थकवा आला, हाडांपर्यंत. जेवताना दिरांनी तीनदा विचारलं, वहिनी, तब्येत बरी नाही का?

दोन दिवस मी काही केलं नाही. मग वाटलं, आता वाट बघण्यासारखं काही उरलंच नाही, तर जायला काय हरकत आहे? सणाला बोलावल्याशिवाय जायचं नाही, एवढा मान मी राखला. कानबाईच्या आधीच्या बुधवारी एसटीत बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि सगळ्या वाटभर मी काय बोलायचं ते जुळवत होते. धुळ्याच्या स्टँडवर उतरले तोवर त्यातलं काही शिल्लक नव्हतं.

दार वहिनींनी उघडलं. घटकाभर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "या बाई, बठा." पाणी दिलं. आतल्या खोलीत भाऊ कॉटवर बसला होता. डोळ्यांवर काळा चष्मा. मी दारात थबकले.

"कोन शे?" त्याने विचारलं.

"मी आहे भाऊ."

"ये," तो म्हणाला. मागून वहिनींनी सांगितलं. डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "माझ्यावर फार राग आहे ना?"

"राग कसाले?" तो म्हणाला. "तू लिखेल ते बठ्ठं खरं व्हतं. मंग मी फोनवर काय बोलू?"

दोन वर्षं मी ज्याला राग समजत होते, ती त्याची लाज होती. लाजेला फोन करता येत नाही, हे मला समजायला हवं होतं. मी तरी कुठे तिसरा फोन केला होता?

"नंतरचं काही वाचलंस?"

"नही. मी येकच वाचं, ते रोटनं. डोयाना ऑपरेशननंतर नातीले म्हनं, ते परत वाचीसन दाखाड. तिनी लई धुंडं, सापडनं नही. माले वाटनं, तू आमनावर पानी सोडं. म्हनीसन काढी टाकं."

मी त्याला खरं सांगितलं. यंत्राचं, रविवारचं, पहूरच्या ओसरीचं, सगळं. सांगताना स्वतःचाच वीट आला. त्याला वायफाय-बियफाय किती कळलं माहीत नाही, पण मी त्याच्यासाठी म्हणून लेख पुसला, एवढं कळलं. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"मंग तोंडी सांग," भाऊ म्हणाला.

मी सांगायला लागले आणि मला आठवेना. सव्वा मूठ आठवली, गिरणी आठवली, पण जी वाक्यं मी तेव्हा लिहिली होती ती हाताला लागेनात. त्यांच्या जागी नंतरची गुळमुळीत वाक्यं येत होती, सायकलची, पाण्याची. मी मध्येच गप्प झाले. मग तोच सांगू लागला. एकदाच वाचलेलं होतं, पण माझा लेख त्याच्या तोंडून ओळीने बाहेर येत होता. आईचं उत्तर, दारात उभी असलेली मी, समोर बसून खाणारा तो. "आन मी मान वर करी नही," इथवर तो आला. माझा लेख इथे संपत होता. तो मात्र थांबला नाही.

"मान वर कशी करू बाई? आर्धा रोट मी खिसामा ठेवा व्हता, तुनाकरता. जेवन झावर गोठानामांगे जाईसन उभा राह्यनू. तू येशी म्हनीसन. मंग भ्याव वाटना. माले काय व्हतं ते व्हवो, पन कानबाई तुनावर कोपनी तं? मीच खाई टाका."

हे मी लिहिलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

वहिनींनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. मी भावाला म्हटलं, पुन्हा सांग, गोठ्यापासून सांग.